निकाल आवडला नाही म्हणून...

राजाचा शिरच्छेद होऊन अडीच वर्षं उलटली होती. रोबस्पियरलाही गिलोटिनवर चढवून वर्ष झालं होतं. ऑगस्ट 1795 मध्ये फ्रान्सच्या 'कन्व्हेन्शन' या सभेनं नवी राज्यघटना मंजूर केली. पुन्हा कुणी हुकूमशहा होऊ नये म्हणून तिच्यात सत्ता वाटून टाकली होती : कायदे करायला दोन सभागृहं, कारभार पाहायला पाच डायरेक्टर, आणि दरवर्षी एक तृतीयांश जागांसाठी निवडणूक.

कागदावर सगळं छान. पण मतदारांनी राजेशाहीवाले निवडून दिले तर? या भीतीपोटी कन्व्हेन्शननं आणखी एक हुकूम काढला : नव्या 750 जागांपैकी 500 जागांवर आम्हीच बसणार. पॅरिसमध्ये याविरुद्ध उठाव झाला. 5 ऑक्टोबरला तो तोफांनी मोडून काढला गेला. त्या तोफांमागे एक तरुण अधिकारी होता, नेपोलियन बोनापार्ट.

1797 मध्ये पहिल्यांदा एक तृतीयांश जागा मोकळ्या झाल्या आणि लोकांनी जुन्या सदस्यांपैकी बहुतेकांना घरी बसवलं. राजेशाहीकडे झुकलेले बरेच जण निवडून आले. डायरेक्टरांना सभागृह बरखास्त करण्याचा अधिकार नव्हता. घटनादुरुस्ती करायची तर किमान नऊ वर्षांची प्रक्रिया. मग तिघा डायरेक्टरांनी सैन्य बोलावलं. 4 सप्टेंबरनंतर 49 जिल्ह्यांतल्या निवडणुका रद्द झाल्या, काही खासदारांची रवानगी थेट दक्षिण अमेरिकेतल्या गयानाला झाली.

पुढच्या वर्षी डावे जिंकले. त्यांच्यापैकी शंभरावर जणांची निवड रद्द ठरवली गेली. कारण तेच : प्रजासत्ताक वाचवायचं आहे.

इथेच खरी मेख आहे. डायरेक्टरांची भीती खोटी नव्हती. राजेशाहीवाले खरोखरच संधीची वाट पाहत होते. पण घटना बदलण्याचा सरळ रस्ता इतका लांब ठेवला होता की आडवाटच वहिवाट झाली. आणि आपलं मत पुसलं जातं हे दोनदा पाहिलेला मतदार त्या प्रजासत्ताकासाठी रस्त्यावर का उतरेल?

नोव्हेंबर 1799 मध्ये सैनिक संगिनी घेऊन सभागृहात शिरले. त्यांचा सेनापती तोच, 1795 चा तोफांवाला. पॅरिस शांत राहिलं. नव्या घटनेवर सार्वमत झालं, त्याचा जाहीर निकाल असा : बाजूने 30 लाखांवर, विरोधात 1,562. 'हो' म्हणणाऱ्यांचा आकडा जवळपास दुपटीनं फुगवला होता. तेव्हा गृहमंत्री होता नेपोलियनचा सख्खा भाऊ, ल्युसियाँ.

मतं रद्द करण्याची गरजच आता संपली होती. ती मोजणारे हात घरचेच होते.