राणीची बाग आणि आपला कापूस

आपल्या सोसायटीची मंडळी मुंबईला गेली की राणीच्या बागेत जातात ती पेंग्विन बघायला. नातवंडांना जरूर दाखवा, माझी काही ना नाही. पण भायखळ्याला फाटकातून आत शिरताना दोन मिनिटं थांबून वर बघा. तीन कमानींचं ते प्रवेशद्वार रोममधल्या विजयकमानीच्या धर्तीवर बांधलेलं आहे. तिथे जाणकार मंडळी झाडं-इमारती समजावत लोकांना फिरवतात. अशी फेरी मिळाली तर सोडू नये.

19 नोव्हेंबर 1862 रोजी लेडी फ्रियर यांच्या हस्ते ही बाग खुली झाली, आणि त्याच दिवशी गव्हर्नर फ्रियर यांनी शेजारच्या संग्रहालयाचा पाया घातला. डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेठ यांची त्यामागे मोठी धडपड होती. काळ तेजीचा होता. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला, आणि मँचेस्टरच्या गिरण्या आपल्या कापसावर आल्या. आपल्या शेजारच्या हिंगणघाटची 'बनी' तेव्हा विलायतेपर्यंत नावाजलेली. नागपूरला रेल्वे आली 1867 ला, तोवर भरवसा बैलगाडीचाच. मुंबईत मात्र या तेजीवर शेअरचा सट्टा असा चढला की काही विचारू नका! 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळले, पुढे जुनी बँक ऑफ बॉम्बेसुद्धा बुडाली. (आम्हा बँकवाल्यांनी हा धडा पाठच करायला हवा.) संग्रहालयाची वर्गणीही आटली, काम रखडलं. शेवटी सरकारी पैशातून ते पूर्ण होऊन 1872 मध्ये उघडलं.

बाहेरून ते जुन्या इटालियन वाड्यासारखं दिसतं; आत लोखंडी खांब, सोनेरी नक्षी. 1975 मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. नंतर त्याची फार दुर्दशा झाली होती. 2003 पासून पाच वर्षं जीर्णोद्धार चालला, त्यात महापालिका आणि इंटॅकबरोबर जमनालाल बजाज फाउंडेशन होतं. म्हणजे वर्ध्याचं नाव तिथे पोचलंच की!

संग्रहालयाजवळ डेव्हिड ससूनचा घड्याळाचा मनोरा आहे, आणि एक दगडी हत्ती. घारापुरीला पोर्तुगीजांनी 'एलिफंटा' म्हटलं ते याच हत्तीवरून. इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो फुटला, म्हणून इथे राहिला. 1914 च्या सुमारास तुकडे जोडून त्याला उभं केलं. आपल्या गिरडला बाबा फरीदांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे दगड झाले म्हणतात. हा हत्ती दगडाचाच होता म्हणून वाचला! काळा घोडाही 1965 पासून याच बागेत आहे.

पण खरी दौलत झाडांची. गोरखचिंच, कैलासपती, लाल फुलांची उर्वशी, अशी तीन हजारांवर झाडं आहेत. 2007 मध्ये प्राणिसंग्रहालयाचा मोठा आराखडा आला तेव्हा त्यांतली किती राहतील याची धास्ती पडली. मुंबईतल्या काही महिला चिकाटीने लढल्या, वारसा म्हणून बागेची नोंद व्हावी म्हणून झगडल्या. पुढे पेंग्विन आले. पण जुनी झाडंही टिकली, ती अशी.

जायचं असेल तर बुधवार टाळा, त्या दिवशी बाग बंद असते.