बोरघाटांतील बोगदे आणि त्यांचीं छायाचित्रें

देवाच्या आळंदीस आगगाडी येत नाहीं. कार्तिकी वारीसाठीं मुंबईहून रेल्वेनें निघालेला यात्रेकरू बोरघाट चढून पुण्याच्या बाजूस उतरतो आणि तेथून पुढची वाट धरतो. घाटाची त्याच्या मनांत राहणारी खूण बहुधा एकच असते : डब्यांत एकाएकीं काळोख होतो, मुलें मोठ्यानें ओरडतात, आणि क्षणांत पुन्हां दरी दिसूं लागते. उतारूस बोगदा असा आंतूनच कळतो. गाडी त्यांत शिरतांना व त्यांतून निघतांना कशी दिसते हें पाहण्यास त्यास छायाचित्रच हवें. बोरघाटाचीं छायाचित्रें तर मार्ग तयार होत होता तेव्हांपासून घेतलीं गेलीं आहेत. इतिहासाचें साधन म्हणून तीं कशीं वाचावीं, हा प्रश्न आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

प्रथम कामाची हकीकत. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा लोहमार्ग १४ जून १८५८ रोजीं सुरू झाला, आणि मुंबईकडील गाडी त्यापूर्वींच घाटाच्या पायथ्याशीं पोंचली होती. मधला डोंगर मात्र उतारूंस रेल्वेवांचून ओलांडावा लागे. जेम्स बर्कले या मुख्य एंजिनिअरानें आंखलेला चढ सुमारें १६ मैलांचा. त्यांत १,८३१ फूट उंची गांठावयाची, कांहीं जागीं ३७ फुटांस १ फूट इतकी चढण, आणि एकंदर २५ बोगदे. डायनामाइटाचा शोध १८६७ सालचा. तेव्हां हा सारा काळा पाषाण छिन्नी, घण आणि सुरुंगाची साधी दारू यांच्याच बळावर फोडावा लागला. १८५६ च्या जानेवारींत आरंभ झाला. १८६१ च्या आरंभीं घाटांत ४२,००० हून अधिक माणसें राबत होतीं. त्यांत बायका व मुलेंही होतीं, आणि पटकी व ताप यांचा फेरा त्यांच्या झोपड्यांवरून वारंवार गेला. १८५९ च्या जानेवारींत मजुरीच्या तक्रारींवरून दंगा झाला. त्याच वर्षीं पहिला कंत्राटदार फॅव्हिएल यानें काम सोडलें. त्याच्या जागीं सॉलोमन ट्रेडवेल हा विलायतेहून आला, तो कामास हात लागतो न लागतो तोंच वारला. आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनें, दोघां एंजिनिअरांच्या हातीं देखरेख सोंपवून, तें कंत्राट शेवटास नेलें. १८६३ च्या मे महिन्यांत घाट वाहतुकीस खुला झाला. बर्कले तो पाहण्यास उरला नव्हता.

आमच्या विषयास महत्त्वाची गोष्ट ही कीं ही अ‍ॅलिस ट्रेडवेल स्वतः छायाचित्रेंही घेत असे, आणि घाटाच्या कामाचीं चित्रें तिच्या नांवावर आहेत. त्या काळीं हा छंद सोपा नव्हता. आर्चर यानें १८५१ सालीं प्रसिद्ध केलेली ओल्या कांचेची रीत तेव्हां चालू होती. कांचेवर द्राव ओतावयाचा, ती ओली आहे तोंच कॅमेऱ्यांत घालावयाची, आणि सुकण्यापूर्वीं जवळच्याच काळोख्या तंबूंत धुवावयाची. बोरघाटाच्या उन्हांत व वाऱ्यांत हें काय दिव्य असेल याची कल्पना करावी! शिवाय कांचेवर चित्र उमटण्यास कांहीं सेकंद तरी लागत. धांवती गाडी त्या अवधींत पुसट पट्ट्यासारखी उमटली असती. यास्तव ज्या जुन्या चित्रांत बोगद्याच्या तोंडाशीं इंजिन रेखीव दिसतें, तेथें तें मुद्दाम उभें केलेलें समजावें. घाटांत, नागफणीच्या सुळक्यासमोर, गाडीची दिशा उलटविण्याचें एक स्टेशन होतें. इंजिन सोडून दुसऱ्या टोंकास जोडीपर्यंत गाडी तेथें उभी राहावयाचीच. जुन्या चित्रकारांस ती जागा इतकी प्रिय कां झाली, याचें कारण आम्हांस नागफणीच्या शोभेइतकेंच या खोळंब्यांतही दिसतें.

आतां चित्रांत काय नाहीं तें पाहूं. बोगद्याची कमान दिसते; तिच्यापुढें एकदोन माणसें उभीं असतात, तीं बहुधा कमान किती उंच हें कळावें म्हणून. मजूर तेथें मोजपट्टीच्या कामीं आला आहे. खरें काम चाललें तें मात्र आंत, आणि आंत कॅमेरा आंधळा. मॅग्नेशियमच्या तारेच्या उजेडांत चित्र घेण्याची युक्ति १८६४ च्या सुमारास प्रचारांत आली, म्हणजे घाट पुरा झाल्यावर. घणाखालीं छिन्नी धरून बसलेल्या माणसाचें त्या काळोखांतील चित्र त्यामुळें घेतांच आलें नाहीं. चित्र नाहीं म्हणून तो नव्हता असें कोणी म्हणणार नाहीं. तरी पुस्तकें सजवितांना आपण हीच चित्रें छापतों आणि वाचकाच्या मनांत घाट म्हणजे कमानी व इंजिनें एवढेंच ठसतें.

लोकांच्या आठवणीनें ही उणीव आपल्या परीनें भरून काढली आहे. घाटांतील जुन्या मोटाररस्त्यावर शिंग्रोबाचें देऊळ आहे. या धनगरानें साहेबास डोंगरांतून वाट दाखविली आणि बक्षीस म्हणून त्यास गोळी मिळाली, अशी कथा सांगतात. तिला पुरावा म्हणून उभें करतां येणार नाहीं. परंतु गाडी थांबवून तेथें पैसा टाकणारा ड्रायव्हर घाटाच्या श्रेयांत एका देशी माणसाचा वांटा मानतो, ही गोष्ट इतिहासकारानें हंसण्यावारी नेऊं नये.

दिशा उलटविण्याचें स्टेशन १९२९ सालीं नवा मार्ग झाल्यावर सुटलें. पुढच्याच वर्षीं दख्खनची राणी विजेवर घाट चढूं लागली. कोरड्या कांचा तर त्यापूर्वीं अर्धशतक आल्या होत्या, व धांवती गाडी धरणें चित्रकारांच्या आटोक्यांत आलें होतें. आज पावसाळ्यांत तरुण मंडळी समोरच्या टेकडीवर भिजत उभी राहतात आणि इंजिनाचें नाक बोगद्याबाहेर येतांच सेकंदाच्या हजाराव्या हिश्शांत तें टिपतात. चित्रें सुरेख येतात. धबधबा, धुकें, डब्यांच्या खिडक्यांतून बाहेर निघालेले हात, सारें स्पष्ट. आणि मागें कमानीच्या आंत पूर्वींसारखाच काळा ठिपका.