सतरा सप्टेंबरच्या आधीची पंचवीस वर्षे

आपल्या हैदराबादेत गणपतीचे दिवस आणि १७ सप्टेंबर बहुधा मागेपुढेच येतात. १९४८ साली मात्र दोन्ही एकत्र आले. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य निजामाच्या राज्यात शिरले, तेव्हा घरोघर गणपती बसलेले होते. १७ तारखेला, शुक्रवारी, अनंत चतुर्दशी होती. त्याच संध्याकाळी निजामाकडून युद्धबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे सेनापती जनरल एद्रूस मेजर जनरल चौधरींपुढे शरण आले.

ही पाच दिवसांची हकीकत आपल्या मुलांना पाठ असते. सरदार पटेलांनी फौज पाठवली आणि राज्य भारतात आले, एवढी ती गोष्ट. सरदारांचे श्रेय कोणी नाकारणार नाही. पण त्या पाच दिवसांमागे पंचवीस वर्षांची बांधणी होती आणि तिच्यात या शहरातल्या मराठी माणसांचा मोठा वाटा होता. आज तिची आठवण करावीशी वाटते.

निजामाच्या राज्यात सोळा जिल्हे होते. आठ तेलंगणाचे, पाच मराठवाड्याचे, तीन कर्नाटकाचे. बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी, कानडी बोलणारी, तर राज्यकारभार आणि वरचे शिक्षण उर्दूतून. राजकीय सभा राज्यात भरवणे इतके अवघड होते की हैदराबादच्या प्रजेची पहिली राजकीय परिषद १९२३ साली काकीनाड्याला भरली आणि पुढच्या मुंबई, पुणे व अकोल्याला. चारही राज्याबाहेर! १९२९ च्या ‘गश्ती नंबर ५३’ने तर कोणत्याही सभेसाठी सरकारी परवानगी सक्तीची केली.

मग माणसे एकत्र यायची कुठे? शाळेत, वाचनालयात, उत्सवात. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्या पिढीने ही वाट घालून दिली. आपली विवेक वर्धिनी १९०७ ची. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय, औरंगाबादचे सरस्वती भुवन, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा ही सारी याच वाटेवरची ठिकाणे. मूळचे सिंदगीचे व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच स्वामी रामानंद तीर्थ, हिप्परग्याला आले ते शिक्षक म्हणून. पुढे लढ्याला लागलेले कार्यकर्ते बऱ्याच अंशी याच शाळांच्या वर्गांतून घडले.

शाळांच्या पाठोपाठ परिषदा आल्या. तेलुगू भागात आंध्र महासभा, कानडी भागात कर्नाटक परिषद आणि आपल्याकडे महाराष्ट्र परिषद. तिचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली झाले. तीन भाषांचे लोक आपापल्या भाषेत जमायला शिकले आणि मग एका झेंड्याखाली यायचे ठरले. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसची जुळणी झाली. सरकारने ती रीतसर स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी घातली! ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि तुकड्यामागून तुकड्या तुरुंगात गेल्या. त्याच हिवाळ्यात उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतल्या मुलांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट सोडला नाही. त्यांची नावे काढून टाकली गेली, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना सामावून घेतले. स्टेट काँग्रेसवरची बंदी उठायला १९४६ चा जुलै उजाडावा लागला.

येथे जगाच्या इतिहासातला एक दाखला आठवतो. अमेरिकेतल्या तेरा वसाहती इंग्लंडच्या राजाविरुद्ध उभ्या राहिल्या, तेव्हा तिथेही बंदुकीच्या आधी समित्या आल्या. १७७२ मध्ये बोस्टनला पत्रव्यवहार समिती, १७७४ मध्ये फिलाडेल्फियाला तेरापैकी बारा वसाहतींच्या प्रतिनिधींची काँग्रेस. लढाई पेटली ती १७७५ मध्ये आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला १७७६ मध्ये. क्रम आपल्यासारखाच. फरक एवढाच की आपल्याकडे स्वातंत्र्य जाहीर केले ते राजानेच! जून १९४७ मध्ये निजामाने फर्मान काढले की इंग्रज गेल्यावर आपण स्वतंत्र राहणार. प्रजा लढली ती या ‘स्वातंत्र्या’विरुद्ध. तिला स्वतःचा वेगळा देश नको होता, भारतात जबाबदार राज्यपद्धती हवी होती.

फर्मानानंतर काही दिवसांतच मुशीराबादला स्टेट काँग्रेसचे पहिले उघड अधिवेशन भरले. अध्यक्ष स्वामीजी. संघटनेत मवाळ आणि जहाल असे दोन गट होते, वादही झडत. तरी विलीनीकरणासाठी लढायचे हे तिथे ठरले. नेते तुरुंगात जाणार हे उघड असल्याने दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखाली कृती समिती नेमून तिला राज्याबाहेरून काम करायला सांगितले गेले. अंदाज खरा ठरला. १५ ऑगस्टला देशभर झेंडे फडकत असताना स्वामीजींना अटक झाली. मध्यंतरी काही आठवडे ते सुटले, पण जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा आत गेले.

राज्यात लोकांनी निजामाच्या तिजोरीवर घाव घातला. आबकारी हे मोठे उत्पन्न, म्हणून शिंदीची झाडे तोडली. करोडगिरीचे नाके उद्ध्वस्त केले. वकिलांनी कोर्ट सोडले, मुलांनी कॉलेज सोडले. दुसरीकडे कासीम रझवीच्या रझाकारांचा जुलूम वाढत गेला आणि कुटुंबेच्या कुटुंबे सरहद्द ओलांडू लागली. तेव्हा सरहद्दीवर छावण्या उभ्या राहिल्या. सोलापूर, बार्शी, मनमाड, लोणार, वाशीम, उमरखेड ही आपल्या बाजूची. गदग कानडी बाजूचे, विजयवाडा तेलुगू बाजूचे. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे कार्यकर्ते ही व्यवस्था पाहत. हत्यारे मिळवणे, तरुणांना ती चालवायला शिकवणे, निर्वासितांची सोय लावणे आणि रात्री आत शिरून ठाण्यांवर हल्ले करणे, असा हा उद्योग होता. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटून लढ्यासाठी सुमारे वीस लाख रुपये मिळवले गेले. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. ज्यांनी गांधीजींच्या नावाने सत्याग्रह केला होता, त्यांच्याच हातात आता बंदुका होत्या. ही ओढाताण त्या पिढीने सोसली आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही.

तेलंगणात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा याच काळात चालू होता. आर्य समाजाचे कार्यकर्तेही मैदानात होते. आणि हा हिंदू-मुसलमानांचा झगडा नव्हता, याचा पुरावा आपल्याच शहरात आहे. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबउल्ला खान यांनी विलीनीकरणाची बाजू घेतली, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांचा खून केला.

तितकेच कडू असे दुसरे सत्यही आहे. सैनिकी कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांची कत्तल झाली. भारत सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा २७ ते ४० हजार असा अंदाजला. लढा संघटित होता, तोवर त्याला शिस्त होती. सूडाला ती नव्हती. १७ सप्टेंबर साजरा करताना हेही आपल्याला ठाऊक असावे.

१९५६ साली राज्याची भाषावार वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरला गेले. आम्ही मराठी माणसे इथेच राहिलो. त्यामुळे मुक्तिसंग्रामाची मराठी आठवण औरंगाबाद-नांदेडकडे सरकली आणि हैदराबादच्या वाट्याला ‘पोलीस ॲक्शन’ एवढा शब्द उरला. स्वामीजी मात्र शेवटपर्यंत हैदराबादचेच राहिले. १९७२ साली ते इथेच गेले आणि त्यांची समाधी बेगमपेठेत आहे.

आपल्यापैकी कित्येक घरांत आजोबांच्या ट्रंकेत त्या काळची पत्रे, तुरुंगाचे दाखले, सरहद्दीवरून आलेल्या चिठ्ठ्या अजून असतील. त्या जपाव्यात, मुलांकडून वाचून घ्याव्यात. आणि विसर्जन झाले की एखाद्या रविवारी त्यांना बेगमपेठेला न्यावे, कारण तिथे सांगायची गोष्ट पाच दिवसांपेक्षा बरीच मोठी आहे.