ब्राउझरची सुरक्षितता : तुलना आणि बीदर-कलबुर्गी सीमाभाग

संकेतस्थळावरून आलेला परका कोड आपल्या यंत्रावर चालवताना त्याला आखलेल्या चौकटीबाहेर जाऊ न देणे आणि समोरचे पान ज्याचे म्हणून उघडले त्याचेच आहे याची शहानिशा करणे, ही ब्राउझरची दोन मुख्य संरक्षक कामे. क्रोम, एज, फायरफॉक्स, सफारी यांची तुलना प्रामुख्याने याच कामांवर होते. बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या तालुक्यांत मराठी भाषकांची जुनी वस्ती आहे. इथल्या कुटुंबाची पहाणी, म्हणजे शेतजमिनीचा उतारा, कर्नाटकाच्या ‘भूमी’ पोर्टलवर असते आणि उदगीर, निलंगा किंवा उमरगा तालुक्यात शेत असेल तर त्याचा सातबारा महाराष्ट्राच्या महाभूलेखवर. आधार, बँक, पीकविमा, शिष्यवृत्ती यांची भर वेगळीच. यांतली बरीच कामे कर्नाटक सरकारच्या ग्रामवन सेवा केंद्रात, नेट सेंटरच्या सामाईक संगणकावर नाहीतर घरातल्या जुन्या मोबाइलवर होतात. त्यामुळे ‘सर्वांत सुरक्षित ब्राउझर कोणता’ या प्रश्नाचे नव्या लॅपटॉपवर बरोबर ठरणारे उत्तर इथे पुष्कळदा उलटे पडते. यंत्राला अपडेट मिळते का आणि पान व वाचणारा यांच्या मध्ये कोण बसले आहे, या दोन गोष्टी आधी तपासल्याशिवाय ब्राउझरांची क्रमवारी लावण्यात अर्थ नाही.

रचनेच्या दृष्टीने पाहता नावे जास्त आणि इंजिने थोडी आहेत. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा हे क्रोमियमवर उभे आहेत; फायरफॉक्सचे इंजिन गेको, सफारीचे वेबकिट. क्रोमने २००८ मध्ये बाजारात येतानाच पानांना वेगवेगळ्या प्रक्रियांत कोंडण्याची पद्धत आणली. जानेवारी २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ हा प्रोसेसरमधला दोष जाहीर झाल्यावर संगणकावरील क्रोमने प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र प्रक्रिया दिली; फायरफॉक्सला संगणकावर तिथवर पोचायला २०२१ ची अखेर उजाडली. या बाबतीत क्रोमियमचे पारडे जड आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र अँड्रॉइडवर २०१९ मध्ये हेच संरक्षण आले तेव्हा ते पासवर्ड टाकल्या जाणाऱ्या संकेतस्थळांपुरते होते आणि फोनची रॅम किमान २ जीबी असेल तरच चालू होत होते. म्हणजे नाव एक, आवृत्ती एक, पण स्वस्त फोनवरचा क्रोम आणि महागड्या फोनवरचा क्रोम यांची ताकद एकसारखी नव्हती. तुलनेच्या तक्त्यात ही तफावत दिसत नाही.

अपडेटचा मुद्दा याहून वजनदार आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी जातीची चित्रे उलगडणाऱ्या एका सामाईक लायब्ररीत गंभीर दोष सापडला. ती लायब्ररी क्रोम, एज, ब्रेव्ह आणि फायरफॉक्स या सगळ्यांत होती. एक चित्र उघडले तरी धोका होता आणि हल्लेखोरांनी त्याचा वापर सुरूही केलेला होता. क्रोम व फायरफॉक्स यांनी एका दिवसाच्या अंतराने दुरुस्ती दिली. त्या आठवड्यात यंत्राची सुरक्षितता ठरली ती दुरुस्ती त्या यंत्रापर्यंत पोचली की नाही यावर. आता विंडोज ७ चा संगणक घ्या. त्यासाठीचा शेवटचा क्रोम १०९ क्रमांकाचा, जानेवारी २०२३ मधला. पुढचा क्रोम त्या यंत्रावर बसतच नाही. फायरफॉक्सने मात्र ११५ या दीर्घकालीन शाखेतून विंडोज ७ ला त्यानंतरही सुरक्षा-दुरुस्त्या पुरवल्या, वेबपीची दुरुस्तीही त्यांत होती. मोबाइलवर तीच गत. ऑगस्ट २०२५ पासूनच्या क्रोमला अँड्रॉइड १० लागते. अँड्रॉइड ८ आणि ९ चे फोन १३८ क्रमांकावर थांबले, तर फायरफॉक्स अँड्रॉइड ८ ला अपडेट देत राहिला. नव्या फोनवर क्रोमच्या भिंती भक्कम म्हणून तो वरचढ. अँड्रॉइड ९ च्या फोनवर क्रम फिरतो आणि फायरफॉक्स वर येतो. क्रोमच्या मेनूत ‘सेटिंग्ज’खाली ‘क्रोमविषयी’ ही ओळ असते. तिथला क्रमांक वाचायला अर्धे मिनिटही लागत नाही आणि तो कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरे बोलतो.

मध्ये कोण बसले आहे, हा दुसरा निकष. स्वस्त फोन आणि तोकडा डेटा यांच्या काळात भारतात यूसी ब्राउझर आणि ऑपेरा मिनी घरोघरी पोचले. टोरांटोच्या सिटिझन लॅब या संशोधन संस्थेने २०१५ मध्ये दाखवले की यूसी ब्राउझर वापरणाऱ्याची ओळख पटवणारी माहिती नीट कूटबद्ध न करता पाठवत होता. २०१९ मध्ये तो स्वतःचे अतिरिक्त भाग असुरक्षित मार्गाने उतरवून घेतो, त्यामुळे वाटेत कोणी ते बदलू शकतो, असेही उघड झाले. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये तो होता. ऑपेरा मिनीची गोष्ट निराळी आहे. त्यात लबाडी नाही, रचनाच तशी आहे : डेटा जास्तीत जास्त वाचवणाऱ्या पद्धतीत पान कंपनीच्या सर्व्हरवर उलगडून, आवळून फोनवर येते, म्हणून बँकेचे पानसुद्धा मधल्या सर्व्हरवर उघडे होते. सीमाभागात याचेच एक रूप रोज घडू शकते. कन्नड पान वाचता येत नाही म्हणून मराठी वाचक क्रोममध्ये ‘भाषांतर करा’ दाबतो, तेव्हा त्या पानावरचा मजकूर भाषांतरासाठी गूगलच्या सर्व्हरकडे जातो. नियमावली किंवा जाहिरात वाचताना यात काही बिघडत नाही. स्वतःचे नाव, सर्व्हे नंबर, खाते क्रमांक असलेल्या पानावर मात्र हे जाणूनबुजून करावे. फायरफॉक्सने सप्टेंबर २०२३ मध्ये यंत्रावरच भाषांतर करण्याची सोय सुरू केली, पण तिचा आरंभ युरोपीय भाषांपासून झाला. कन्नड आणि मराठीला ही सोय सर्वांत आधी मिळायला हवी होती, कारण सरकारी कागद शेजारच्या भाषेत वाचण्याची निकड इथे खरी आहे.

पान खरे की खोटे हे ब्राउझर प्रमाणपत्रावरून ठरवतो आणि कोणाचे प्रमाणपत्र मानायचे याच्या याद्या सगळ्यांच्या सारख्या नाहीत. याचा भारतातला सर्वांत बोलका पुरावा २०१४ चा आहे. त्या जुलैमध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या डोमेनसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले. भारताच्या प्रमाणन नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या यादीत होते, त्यामुळे त्या यादीवर विसंबणारे इंटरनेट एक्स्प्लोररसारखे प्रोग्राम धोक्यात आले. क्रोमने गूगलच्या डोमेनसाठी मान्य चाव्या आधीच पक्क्या केल्या होत्या, म्हणून त्या डोमेनपुरता तो बचावला. फायरफॉक्सची यादी स्वतःची आणि तीत भारताचे मूळ प्रमाणपत्र नव्हतेच, म्हणून त्याला झळ लागली नाही. या अनुभवावर उलट बाजूने आक्षेप घेतला जातो : भारतीय नागरिकाचा विश्वास परदेशी कंपन्यांनी का ठरवावा? आक्षेप रास्त आहे. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्वदेशी ब्राउझरची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा भारतीय मूळ प्रमाणपत्राचा समावेश ही तिची एक प्रमुख अट होती. मार्च २०२५ मध्ये झोहोला पहिला क्रमांक मिळाला. पण झोहोचा ‘उला’ही क्रोमियमवरच उभा आहे, तेव्हा क्रोमियममधल्या दोषाची दुरुस्ती तो किती लवकर पोचवतो हीच त्याचीही परीक्षा. आणि मूळ प्रमाणपत्र स्वदेशी असो वा परदेशी, २०१४ सारखी चूक झाली तर ते यादीतून काढण्याचे धैर्य व यंत्रणा लागते. ती आधी, अभिमान नंतर.

सामाईक संगणकावर ब्राउझरच्या भिंतींपेक्षा टेबलावरच्या सवयी महत्त्वाच्या ठरतात. केंद्रात आधारसाठी बोट टेकवले की पान त्याच संगणकावर चालणाऱ्या उपकरणाच्या सेवेला हाक मारते आणि ठसा कूटबद्ध होऊनच पानाकडे येतो. तिथे क्रोम की फायरफॉक्स याने फार फरक पडत नाही. पण इन्कॉग्निटो खिडकी बंद केली तरी उतरवलेले ई-आधार ‘डाउनलोड्स’मध्ये तसेच राहते. त्याचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मसाल या जाहीर नियमाने बनतो, तेव्हा फाईल हाती लागलेल्या ओळखीच्या माणसाला तो अडवत नाही. जतन केलेल्या पासवर्डांना वेगळे मुख्य कुलूप लावण्याची सोय फायरफॉक्समध्ये जुनी आहे, आणि सामाईक लॉगिनच्या यंत्रावर तिचा उपयोग मोठा आहे.

सर्वांत मोठा आक्षेप असा की खरी फसवणूक ब्राउझरमधून होतच नाही. ती फोनवर ओटीपी विचारून किंवा सर्व्हरच्या ढिलाईतून होते. आळंदचे प्रकरण हा आक्षेप बळकट करते. डिसेंबर २०२२ मध्ये आळंद विधानसभा मतदारसंघात मतदारयादीतून नावे वगळण्यासाठी फॉर्म ७ चे ६,०१८ अर्ज ऑनलाइन दाखल झाले. निवडणूक अधिकाऱ्यांच्या पडताळणीत फक्त २४ बरोबर निघाले, ५,९९४ फेटाळले गेले आणि २१ फेब्रुवारी २०२३ रोजी आळंद पोलिस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. ज्याचे नाव वगळायचे त्या मतदाराचा ब्राउझर यात कुठेच नव्हता. त्याने अगदी अद्ययावत ब्राउझर वापरला असता तरी अर्ज थांबला नसता. थांबला तो प्रत्यक्ष पडताळणीमुळे. सप्टेंबर २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने अशा अर्जांना आधारशी जोडलेल्या ई-स्वाक्षरीची अट घातली, म्हणजे दुरुस्ती सर्व्हरच्या बाजूने झाली. एवढे मान्य करूनही ब्राउझर गौण ठरत नाही. पोर्टल कोणाचा अर्ज स्वीकारते याची जबाबदारी सरकारची. पासवर्ड, पहाणी, बँकखाते आपल्या यंत्रावरून चोरीला जाऊ नये ही राखण ब्राउझरची. एका कामातली ढिलाई दाखवून दुसऱ्याला सूट देता येत नाही.

तेव्हा सीमाभागापुरता निर्णय असा : अँड्रॉइड १० किंवा पुढचा फोन असेल तर अद्ययावत क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही चालतील; अँड्रॉइड ८ वा ९ असेल तर फायरफॉक्स घ्यावा; आणि विंडोज ७ च्या संगणकावर, ब्राउझर कोणताही असो, बँकेचा पासवर्ड टाकू नये.