चाकरीची भाषा आणि मालवणचा किनारा

‘नोकरी हवी तर आणखी एक भाषा शिक’ हा सल्ला आज घरोघरी ऐकू येतो. आपल्याला तो नवा वाटतो, पण मालवणच्या किनाऱ्यावर तो पावणेदोनशे वर्षांपूर्वीच पोचला होता. तो कोणाला पाळता आला आणि त्यासाठी काय सोडावं लागलं, एवढंच आज आपण पाहू.

देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर मुंबईत जाऊन इंग्रजी शिकले. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी ‘दर्पण’ काढलं. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापलेला असे. पुढे एल्फिन्स्टनमध्ये ते अध्यापक झाले. १८४४ साली तिकडे कलकत्त्यात गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी इंग्रजी शिकलेल्यांना सरकारी नोकरीत प्राधान्य देण्याचा ठराव केला. इंग्रजी म्हणजे चाकरी, हे समीकरण आता सरकारी कागदावरच आलं.

पण शाळा कुठे होती? रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा जन्म १८३७ चा, मालवणचा. वडील मामलेदार कचेरीत कारकून. त्यांची बदली रत्नागिरीला झाली, म्हणून १८४७ मध्ये मुलाला तिथल्या इंग्रजी शाळेत जाता आलं. तिथून मुंबई, आणि १८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत नाव. संस्कृतचा खोल अभ्यास त्यांनी त्यानंतर केला. मुलाची बुद्धी होतीच, पण बापाची बदली झाली नसती तर? हा प्रश्न आपण टाळतो. यशस्वी माणसाची जिद्द आपण सांगतो, शाळा किती कोसांवर होती ते सांगत नाही.

बहुतेकांच्या वाट्याला अशी बदली आली नाही. ते बोटीनं मुंबईला गेले, गिरणीत लागले, चाकरमानी झाले. गावचं घर मनिऑर्डरीवर चाललं. बघा, घरात बोलायची ती मालवणी. त्यामुळे पुस्तकातली मराठी हीच त्यांची खरी दुसरी भाषा होती, आणि मुंबईची हिंदी तिसरी. हिंदी त्यांना कोणी वर्गात शिकवली नाही. खात्यात, चाळीत, बाजारात ती कानावर पडत गेली. मालवणी मात्र गणपतीला आणि शिमग्याला गावी गेलं की मोकळी व्हायची. चारचौघांत ती बोलायची लाज वाटणारेही होते. मग १९८० साली गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ रंगभूमीवर आलं, मच्छिंद्र कांबळींनी ते गाजवलं, हजारो प्रयोग झाले. ज्या बोलीनं नोकरी मिळत नाही म्हणत होते, तिच्यावर नटांचे संसार चालले.

आज तारकर्लीला, देवबागला पर्यटक येतात. होडीवाला त्यांच्याशी हिंदीत बोलतो, मोडक्या इंग्रजीत समुद्राखालचं पोवळं समजावतो, आणि संध्याकाळी आपल्याच घरी जेवतो. दुसरी भाषा शिकायची म्हणजे गाव सोडायचं, ही जुनी अट इथे थोडी सैल झालेली दिसते. पण त्याचंही शिकणं अजून कानावरच चाललंय. भाषा जरूर शिकावी, आम्ही तेच सांगू. फक्त सल्ला देताना दोन गोष्टी विचाराव्यात: ती नीट शिकवणारी शाळा मुलाच्या गावाजवळ आहे का, आणि घरच्या बोलीची लाज बाळगायला आपण त्याला नकळत शिकवत तर नाही ना?