धनुष्य घेऊन कोठें जावें?

गेल्या हिवाळ्यांत माझा एक भाचा अमेरिकेहून येऊन कुहीस आमच्या घरीं महिनाभर राहिला. त्याच्या सामानांत एक लांबट पेटी होती व पेटींत धनुष्य होतें. दोन्ही टोंकांस लहान चाकें असलेलें तें यंत्रवजा धनुष्य पाहून आमच्या घरच्या मुलांस मोठें नवल वाटलें. दुसऱ्याच दिवशीं त्यानें मला विचारलें, "मामा, येथें हें घेऊन कोठें जावें?"

प्रश्न साधा होता; परंतु इतिहास शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला, त्यास साध्या प्रश्नाचें साधें उत्तर देण्याची संवय उरत नाहीं. आजचा कायदा काय सांगतो, हें मीं त्यास तत्काळ सांगितलें. त्यानें माझें समाधान झालें नाहीं. ह्याच भूमींत हा प्रश्न पूर्वीं कोणकोणास पडला आणि त्यांना कोणीं काय उत्तर दिलें, ह्याचा मी शोध घेऊं लागलों.

भाच्याच्या देशीं मनुष्य एका संस्थानांतून दुसऱ्यांत राहावयास गेला, म्हणजे प्रथम सरकारी वनांचे नकाशे पाहतो, परवाना काढतो आणि शेतकऱ्यांच्या दारीं जाऊन त्यांच्या रानांत शिरण्याची अनुज्ञा मागतो. पुढें हंगाम येईपर्यंत तो रिकाम्या हातांनीं हिंडतो. पाऊलखुणा, लेंड्या, पाण्याच्या जागा, वाऱ्याची दिशा हें सर्व ध्यानांत ठेवतो. बंदुकीची गोळी दुरून लागते. बाण वीस-तीस पावलांच्या आंत येऊनच सोडावा लागतो. म्हणून तिरंदाजास जागेचें ज्ञान बंदूकवाल्याहून कितीतरी अधिक लागतें.

हें ज्ञान कुहीच्या परिसरास नवें नाहीं. ह्याच तालुक्यांत अडम नांवाचें गांव आहे. तेथें १९८८ ते १९९२ ह्या काळांत पुरातत्त्व खात्यानें उत्खनन केलें, तेव्हां मध्याश्मयुगापासून सातवाहनांपर्यंतच्या वस्तीचे थर उघडकीस आले. मध्याश्मयुगीन माणसाचीं गारगोटीचीं बारीक पातीं बाणांच्या टोंकांस बसविलीं जात, असें विद्वान् मानतात. त्या काळच्या नवागतास कोणाचा परवाना काढावयाचा नव्हता.

पहिली बंदी मात्र आपण समजतों त्याहून फार जुनी आहे. नागपूरच्या आग्नेयेस, चंद्रपूर जिल्ह्यांतील देवटेक येथें एक शिलालेख सांपडला. प्राण्यांस धरूं नये व मारूं नये, अशा अर्थाची स्वामीची आज्ञा त्यावर ब्राह्मी लिपींत कोरलेली आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनीं ही आज्ञा अशोकाच्या काळची ठरविली. त्याच शिळेवर पुढें कित्येक शतकांनीं वाकाटक राजा रुद्रसेन ह्याचा दुसरा लेख कोरला गेला. स्वतः अशोकानें मृगयेच्या विहारयात्रा सोडून धर्मयात्रा आरंभिल्याचें आपल्या आठव्या शिलालेखांत सांगितलें आहे. परंतु तेराव्या लेखांत तोच सम्राट् अटवींतील लोकांस आपल्या सामर्थ्याची आठवणही करून देतो. राजाची मृगया करमणुकीची होती. ती सोडल्यानें त्याच्या पाकशाळेंत कांहीं उपवास पडला नसेल. अटवींतल्या माणसाची गोष्ट वेगळी होती. बंदी एकच असली तरी ती दोघांवर सारख्या भारानें पडत नाहीं, हें येथूनच ध्यानीं ठेवावें.

आपल्या काव्यांतही हा प्रश्न आहेच. शाकुंतलाच्या पहिल्याच अंकांत धनुष्य ताणून आलेल्या दुष्यंतास एक तापस अडवितो, कारण तें हरीण आश्रमाचें असतें. आणि राजा बाण उतरवितो. वाल्मीकीच्या अरण्यकांडांत, दंडकारण्यांत शिरतांना, सीता रामास सांगते कीं, वैर नसतां शस्त्र चालवूं नये. शस्त्र जवळ असलें कीं बुद्धि पालटते. नव्या अरण्यांत धनुष्य घेऊन जाणाऱ्यास ह्याहून हिताचा उपदेश कोणीं केला असेल, असें मला वाटत नाहीं.

आतां अलीकडच्या काळाकडे वळूं. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद ह्यानें अठराव्या शतकाच्या आरंभीं नागपूर वसविलें आणि चोहोंकडून उद्योगी शेतकरी व कारागीर बोलावून आणले. जेन्किन्स साहेबानें १८२७ च्या आपल्या अहवालांत ह्या कामाची प्रशंसा केली आहे. जंगल तुटलें, गांवें वसलीं, आणि ज्या जमातीचा राजा होता तिचेंच शिकारीचें रान आक्रसत गेलें. पुढें भोंसल्यांचें राज्य झालें. १८५४ त तें इंग्रजांनीं खालसा केलें व १८६१ त मध्यप्रांत निर्माण झाला. १८७८ च्या वनकायद्यानें राखीव जंगलें आंखलीं, आणि त्यांत नियम मोडून शिकार करणें, फांसे लावणें, पाण्यांत विष कालविणें हे गुन्हे ठरले. १९२७ च्या कायद्यानें तेंच कायम केलें. मात्र ह्या नियमांतूनच परवान्याची वाट निघत होती. साहेब लोकांसाठीं जंगलांचे गट पाडलेले असत आणि परवाना काढून ते तेथें शिकारीस जात. कॅप्टन फोर्सिथच्या १८७१ च्या ग्रंथांत शिकारीचीं वर्णनें रसभरित आहेत. पण माग काढणारा बहुधा गोंड किंवा कोरकू असे. जागा त्याला ठाऊक असे आणि परवाना दुसऱ्याच्या खिशांत असे.

स्वातंत्र्यानंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. शस्त्रांच्या व्याख्येंत बंदुकीबरोबर धनुष्यबाणही त्यांत नमूद आहे. प्रारंभीं त्यांत शिकारीच्या परवान्यांस थोडी जागा होती. १९९१ च्या दुरुस्तीनें तीही गेली. २००६ च्या वनहक्क कायद्यानें आदिवासींचे पुष्कळ हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क त्यांतून स्पष्टपणें वगळला. २०१२ त उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य झालें. तें कुही तालुक्यासही लागून आहे व तेथें शस्त्र घेऊन शिरावयास अनुज्ञा लागते. शिवाय १९८८ त पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणानें ह्या बाजूचीं कितीएक गांवें उठविलीं. तेथील शेतकरी व ढिवर स्वतःच्याच तालुक्यांत नवागत झाले.

वाघ राहावा, हरीण राहावें, ह्याविषयीं माझें दुमत नाहीं. परवानाधारी बंदुकांनीं जी दुर्दशा केली, तीनंतर अशी बंदी अपरिहार्यच होती. माझें म्हणणें इतकेंच कीं, बंदींत माणसाची भूक आणि माणसाची हौस एकाच मापानें मोजलीं गेलीं.

भाच्यास मीं आणखी एक कथा सांगितली. ती त्याच्याच देशाची. पण त्यास ती ठाऊक नव्हती. कॅलिफोर्नियांतील याही जमातीची गोऱ्या वसाहतवाल्यांनीं कत्तल केली. तिचा उरलेला एक मनुष्य १९११ त ओरोव्हिल गांवीं एकटा, भुकेला असा सांपडला. त्यास इशी म्हणत. सॅक्स्टन पोप नांवाच्या शस्त्रवैद्यानें त्याजपासून धनुर्विद्या घेतली. इशी १९१६ त क्षयानें वारला, आणि पोपनें १९२३ त धनुष्यानें करावयाच्या शिकारीवर ग्रंथ लिहिला. त्यापासून तिकडे ही हौस फैलावली. १९३४ त विस्कॉन्सिन संस्थानानें तिरंदाजांसाठीं हरणांचा स्वतंत्र हंगाम ठरविला. ज्याचें रान गेलें, त्याचीच विद्या हौशी लोकांच्या हातीं परवान्यासह आली. भाचा पुष्कळ वेळ कांहीं बोलला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी त्यास शेजारच्या वस्तींतील एका वृद्ध गोंड शेतकऱ्याकडे घेऊन गेलों. त्यानें तें चाकांचें धनुष्य हातांत तोललें, दोरी ओढून पाहिली व हंसून परत दिलें. भाच्यानें आपला प्रश्न त्यास विचारला. म्हातारा म्हणाला, "आमच्या बुढ्याले जागा मालूम होती, पन जाची मुभा नोती जी. तुमाले मुभा भेटली तरी जागा कोन सांगन?"

नंतर मात्र त्यानें जागा सांगितल्या. कोणत्या नाल्यास उन्हाळ्यापर्यंत पाणी राहतें, मोहाचीं फुलें पडूं लागलीं कीं चितळ कोणत्या वाटेनें येतें, वारा कोणत्या बाजूनें धरून बसावें, हें सर्व तो अंगणांतल्या मातींत काडीनें रेघा ओढून दाखवीत होता. जें ज्ञान वापरण्याची आशा त्याच्या बापानेंही सोडली होती, तें त्यास तोंडपाठ होतें. भाचा तें टिपून घेत होता. त्या रेघा पाहून म्हाताऱ्याचा नातूही जवळ येऊन बसला. त्यानें हें पूर्वीं कधीं ऐकलें नव्हतें.

धनुष्याची पेटी भाच्यानें पुन्हा उघडली ती आमच्या परसांत, तणसाच्या भाऱ्यावर बाण मारण्यासाठीं. जातांना तो टिपणाची एक प्रत त्या नातवाजवळ ठेवून गेला. कायद्यानें शिकार बंद केली, तें योग्यच झालें. पण रान ओळखण्याची विद्या कोणत्याच कायद्यानें बंद केलेली नाहीं. ती म्हाताऱ्यांबरोबर लोपली, तर त्याचा दोष मात्र आपणांकडे येईल.