शिवणीचा परदेशवास

शिवण हा आपल्या सह्याद्रीच्या रानांतील परिचित वृक्ष. दशमुळांत तिच्या मुळाची गणना होते आणि तिचे हलके, टिकाऊ लाकूड सुतारांना प्रिय असते. रानात ती ऐन, किंजळ यांच्या संगतीत विखुरलेली आढळते. याच शिवणीला ब्राझीलमध्ये जे भोगावे लागले, त्याचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

अमेरिकन जहाजमालक डॅनिअल लुडविग यांनी १९६७ साली अॅमेझॉनच्या खोऱ्यात, जारी नदीकाठी, सुमारे १६ लाख हेक्टर जमीन विकत घेतली. जगात कागदाची मागणी वाढतच जाणार, हा त्यांचा अंदाज होता. त्यासाठी झपाट्याने वाढणारे झाड हवे होते. भारत-ब्रह्मदेशाकडून गेलेली शिवण नायजेरियात जोमाने वाढली होती. तिचीच निवड झाली. घनदाट अरण्य तोडून, जाळून हजारो हेक्टरांवर एकटी शिवण उभी राहिली.

पहिला धक्का मातीने दिला. अवजड यंत्रांनी वरचा सुपीक थर खरवडून नेला होता, आणि रेताड जमिनीत झाडे खुरटली. मग १९७३ पासून तेथे पाइन लावणे भाग पडले. १९७८ मध्ये जपानमधील कुरे येथे बांधलेला लगद्याचा कारखाना समुद्रमार्गे तरंगत जारीला आला. त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी शिवणीवरील नव्या रोगाची नोंद केली. सेराटोसिस्टिस फिंब्रिआटा ही ती बुरशी. सालीवरच्या जखमेतून ती आत शिरते, खोडातील जलवाहिन्या कोंडते. लाकूड काळवंडते, पाने माना टाकतात. खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या भुशातून आणि छाटणीच्या हत्यारांवरून ती पुढच्या झाडाकडे जाते. मिश्र रानात पुढचे झाड बहुधा वेगळ्या जातीचे असते. जारीत ते पुन्हा शिवणीचेच होते.

लुडविग यांनी १९८२ साली हा पसारा ब्राझिली कंपन्यांच्या स्वाधीन केला. त्याला कर्ज आणि सरकारशी झालेले मतभेदही कारण होते. सारा दोष बुरशीच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. पण पुढे शिवण सोडून निलगिरी लावावी लागली, त्यात रोगाचा वाटा मोठा होता. निलगिरीलाही अभय मिळाले नाही. १९९७ साली बाहिया राज्यात तीही याच बुरशीने मरू लागल्याचे आढळले, आणि रोगट कलमांबरोबर रोग दूरवर पोहोचला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी सुमात्रातील मँजियम बाभळीच्या विस्तीर्ण लागवडी याच कुळातल्या बुरशीने उद्ध्वस्त केल्या. तेथेही उपाय ठरला तो निलगिरीचाच.

एक झाड हरले की त्याच्या जागी दुसरे एकटे झाड उभे करायचे, हा क्रम अर्धशतक चालला आहे. रोगप्रतिकारक वाण शोधण्याचे शास्त्रज्ञांचे प्रयत्न मोलाचे आहेत. तथापि बुरशीलाही बदलण्यास पुरेसा अवधी असतो. आपल्या डोंगरउतारांवर एकाच जातीची रोपे रांगेने लावताना आपण जारीचा हा इतिहास ध्यानी घ्यावा, इतकेच आमचे म्हणणे आहे. शिवण आपल्या रानात आजही उभी आहे. आणि तेथे ती एकटी नाही.